देखभालीतली पदं कापली तर रूळ असुरक्षित होतात का? नेटवर्क रेलच्या कपातीबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रिटनमधल्या नेटवर्क रेल कंपनीने २०२२ मध्ये रुळांच्या देखभालीतली सुमारे १,८५० पदं कमी करायचं ठरवलं. आरएमटी या कामगार संघटनेने "यामुळे अपघात होतील" असं सांगत विरोध केला आणि संपही केला. कॅमेरे, सेन्सर, मोजमाप करणारी गाडी आल्यावर माणसं कमी लागणारच, मग संघटना सुरक्षेचं नाव पुढे करून नुसत्या नोकऱ्या वाचवत होती का? आणि अशी कपात रास्त आहे की धोक्याची, हे बाहेरच्याने कशावरून ओळखायचं?

दोन्ही बाजू एकाच आकड्यावर भांडतात, त्यामुळे हा वाद बाहेरच्याला कळत नाही. १,८५० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. देखभालीतलं एक पद म्हणजे ठरावीक मुदतीने करायच्या कामांची एक यादी असते: अमुक लांबीची आठवड्याला पायी तपासणी, अमुक पॉइंटचं (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडणीचं) वंगण, अमुक ठिकाणचे बोल्ट आवळणं, नाल्या साफ करणं. पद गेलं की यादीतल्या प्रत्येक कामाचं तीनपैकी एक काहीतरी होतं. ते यंत्र करू लागतं, उरलेल्यांपैकी कोणाच्या तरी अंगावर पडतं, किंवा होतच नाही. पहिल्या बाबतीत कंपनीचं म्हणणं बरोबर ठरतं आणि तिसऱ्या बाबतीत संघटनेचं. खरा झगडा दुसऱ्या बाबतीत असतो, आणि तो कामागणिक, डेपोगणिक तपासावा लागतो. माझी कसोटी साधी आहे: आधी काम जायला हवं, मग पद. पद आधी काढून "काम पुढे कमी होईल" असा हिशेब मांडला असेल, तर तो आराखडा मी धोक्याचा धरतो.

कंपनीची बाजू आधी घेतो, कारण ती पोकळ नाही. नेटवर्क रेलकडे पिवळ्या रंगाची मोजमापाची गाडी आहे. ती ताशी २०० किलोमीटरपर्यंत धावत दोन रुळांमधलं अंतर, त्यांची पातळी, पिळ मोजते. गाड्यांखाली बसवलेले कॅमेरे सरळ मार्गाची, म्हणजे पॉइंट नसलेल्या मार्गाची, छायाचित्रं घेतात आणि सुटलेल्या क्लिपा, तडे, सांध्यांतले दोष संगणक शोधतो. पॉइंट सोडून उरलेल्या सरळ मार्गावर हे काम पायी चालणाऱ्या माणसापेक्षा यंत्र चांगलं करतं. माणूस थकतो, पावसात मान खाली घालून चालतो, दहाव्या किलोमीटरला त्याचं लक्ष पहिल्यासारखं राहत नाही. त्यात तो धावत्या गाड्यांच्या मार्गात असतो. ३ जुलै २०१९ ला वेल्समध्ये मार्गम इथे पॉइंटवर काम करणारे दोन कामगार गाडीखाली सापडून मेले. आवाज करणारं यंत्र चालू होतं आणि इशारा द्यायला नेमलेला माणूस त्यांच्यापाशी नव्हता. त्यानंतर सुरक्षा नियामकाने कंपनीला सुधारणेच्या नोटिसा दिल्या, आणि शिट्टीवाल्याच्या भरवशावर चालू मार्गात काम करण्याची पद्धत जवळजवळ मोडीत निघाली. सरळ मार्गावरची पायी फेरी यंत्राने घेतली असेल, तर त्या फेरीचे तास कमी करण्याला विरोध करू नये असंच मी कोणत्याही संघटनेला सांगेन.

अडचण पॉइंटपाशी सुरू होते. दोन टंगरेल, म्हणजे पॉइंटमधले सरकणारे निमुळते रूळ, एकमेकींना स्ट्रेचर बार नावाच्या आडव्या दांड्यांनी बांधलेल्या असतात. एक टंगरेल मुख्य रुळाला घट्ट टेकलेली असते आणि दुसरीने ठरावीक अंतर राखून उघडं राहायचं असतं. हे अंतर कमी पडलं, तर जाणाऱ्या प्रत्येक चाकाची मागची बाजू उघड्या टंगरेलला ठोसे देत जाते. ठोशांनी नट सैल होतात, नट सैल झाले की बार खेळू लागतो, आणि बार खेळला की ठोसे आणखी जोरात बसतात. वरकरणी काही दिसत नाही. पण जवळ वाकून बघितलं तर खुणा असतात: बोल्टभोवती तांबूस भुकटी, वॉशरखाली चकाकणारी ताजी घासण, टंगरेलच्या आतल्या अंगावर चाकाच्या घासणीची नवी रेघ, कंसाच्या कोपऱ्यात केसासारखी चीर, स्लीपरखाली (रुळांखालच्या आडव्या तुळईखाली) पोकळी झाल्यामुळे खडीवर आलेला पांढरट चिखल. सिग्नल यंत्रणा टंगरेलचं टोक जागेवर आहे का एवढंच बघते. मोटरच्या विजेचा प्रवाह मोजणारा सेन्सर पॉइंट जड फिरतोय हे चांगलं सांगतो, पण तिसऱ्या बारचा एक नट अर्धा फिरलाय हे त्या प्रवाहात बहुधा उमटत नाही.

इंग्लंडमधल्या ग्रेरिगला नेमकं हेच झालं. २३ फेब्रुवारी २००७ ला लंडनहून ग्लासगोला निघालेली पेंडोलिनो गाडी ताशी ९५ मैलांच्या वेगाने तिथल्या लॅम्ब्रिगच्या पॉइंटवर घसरली आणि एक प्रवासी दगावली. तिसऱ्या स्ट्रेचर बारचा बोल्टचा जोड निकामी झाला होता आणि उघड्या टंगरेलचं अंतर चुकीचं होतं. पुढे एकेक करून सगळे बार गेले आणि मोकळी झालेली टंगरेल रुळाकडे सरकली. दोन्ही टंगरेलींमधली जागा अरुंद होत गेली आणि चाकं वर चढली. पाच दिवस आधी, १८ फेब्रुवारीच्या रविवारी, तिथली साप्ताहिक पायी तपासणी व्हायची होती. ती पर्यवेक्षकाच्या स्वतःच्या तपासणीत मिसळली गेली आणि त्या पॉइंटपर्यंत पोचलीच नाही. कंपनीला ४० लाख पौंड दंड झाला. या अपघाताचं खापर मी कपातीवर फोडत नाही. पण दोन कामं एका माणसावर आली की कागदावर दोन्ही झालेली दिसतात आणि प्रत्यक्षात एक सुटतं, हे इथे स्वच्छ दिसतं. त्याआधी १० मे २००२ ला पॉटर्स बार इथेही पॉइंटच्या स्ट्रेचर बारचे नट सुटले होते आणि ७ जण गेले होते. तेव्हा देखभाल जार्व्हिस या कंत्राटदाराकडे होती. म्हणजे देखभाल कंत्राटी असो की घरची, पॉइंटपाशी वाकून बघणारा डोळा चुकला की परिणाम एकच.

म्हणून कपातीच्या आराखड्यात मी पहिली फोड मागतो ती सरळ मार्गाचे तास आणि पॉइंटचे तास अशी. दोन्ही एकाच टक्केवारीने कापले असतील, तर आराखडा कार्यालयात बसून केलाय हे समजावं.

दुसरी गोष्ट वेळेची. मुंबईत रविवारचा मेगाब्लॉक सगळ्यांना माहीत असतो, पण ब्लॉकचा किती वेळ प्रत्यक्ष कामाला मिळतो याची कल्पना नसते. समजा रात्री १२.३० ते पहाटे ५ असा साडेचार तासांचा ब्लॉक आहे. मार्ग बंद झाल्याची खात्री आणि संरक्षण लावण्यात अर्धा तास जातो, ओव्हरहेड वायरची वीज बंद करून अर्थिंग लावण्यात आणखी अर्धा तास, साहित्य घेऊन जागेवर चालत जायला वीस मिनिटं. शेवटी अवजारं मोजणं, माणसं बाहेर काढणं, मार्ग परत देणं यात चाळीस मिनिटं. प्रत्यक्ष कामाला अडीच तास उरले तर रात्र चांगली गेली म्हणायची. मार्गमनंतर दिवसाची बरीच कामं अशा रात्रींमध्ये ढकलली गेली. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच झालं, पण त्यामुळे त्याच कामाला पूर्वीपेक्षा जास्त माणूस-तास लागू लागले. म्हणून संघटना "रात्रपाळ्या वाढवताय आणि माणसंही कमी करताय" असं म्हणते तेव्हा त्यात तथ्य असतं.

इथेच एक हिशेब आहे जो दोन्ही बाजू अर्धा सांगतात. कोणत्याही गटात दोघं जण कामाला हात लावत नाहीत: एक गटाच्या सुरक्षेला जबाबदार, दुसरा संरक्षण लावणारा. आठ जणांच्या गटात हात सहा. गट पाचावर आणला की हात तीन. म्हणजे माणसं आठावरून पाचावर आली, तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त कपात, पण काम निम्म्यावर आलं. हे संघटना सांगते आणि ते खरं आहे. उलट बाजूने बघा: रूळ, सिग्नल आणि वीज अशा तीन खात्यांचे तीन वेगळे गट एकाच पॉइंटच्या बिघाडाला गेले, तर बिनहाताची माणसं सहा झाली. तिन्ही खात्यांचा एक मिश्र गट केला तर चार माणसं खरोखर वाचतात आणि काम तेवढंच होतं. नेटवर्क रेलचा मुख्य युक्तिवाद हाच होता: वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकत्र करून बहुकौशल्याचे गट करायचे आणि पाळ्या बदलायच्या. हेही खरं आहे. म्हणजे स्थिर माणसांचा तोच हिशेब गट लहान केल्यावर नुकसान करतो आणि गट एकत्र केल्यावर फायदा देतो. प्रस्तावात यातलं काय आहे, हे बघितल्याशिवाय मत देऊ नये.

बहुकौशल्याबद्दल माझं मत थोडं सावध आहे. सिग्नलवाल्याला बोल्ट आवळायला शिकवणं सोपं आहे. रूळवाल्याला पॉइंटच्या लॉकची आणि डिटेक्शनची (टंगरेल जागेवर बसली का हे ओळखणाऱ्या यंत्रणेची) तपासणी शिकवायला काही महिने लागतात, पण तेही होतं. बिघडतं ते नंतर. प्रमाणपत्र मिळाल्यावर ते काम वर्षातून तीन-चारदाच वाट्याला आलं तर हात विसरतो, आणि पहाटे चारला मार्ग परत द्यायची घाई असताना विसरलेला हात घातक ठरतो. म्हणून "किती जणांना प्रमाणपत्र दिलं" हा आकडा मी बघत नाही. प्रत्येकाने ते काम गेल्या सहा महिन्यांत किती वेळा केलं याची नोंद मागतो. प्रशिक्षण पूर्ण होऊन निदान एक उन्हाळा आणि एक हिवाळा नव्या गटांनी पार पाडल्याशिवाय जुनी पदं मोडू नयेत, असं मला वाटतं.

उन्हाळा-हिवाळा म्हणण्यामागे कारण आहे. कपातीचे हिशेब बहुतेक वेळा वर्षाच्या सरासरी तासांवर केलेले असतात, आणि रूळ सरासरीवर चालत नाहीत. ब्रिटनमध्ये सलग जोडलेला रूळ २७ अंशांना ताणरहित राहील असा बसवतात. ६० किलोच्या रुळात त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण १.८ टन दाब साठतो. रुळाचं तापमान ५० अंशांवर गेलं तर एका रुळात ४० टनांच्या वर दाब असतो, आणि त्याला बाजूला वाकू न देण्याचं काम खडी करते. स्लीपरच्या टोकाशी खडीचा खांदा कमी असेल, किंवा नुकतीच खडी हलवली असेल, तर मार्ग साप वळावा तसा वळतो. खडी भरणं, ताण तपासणं ही कामं वसंतातच उरकावी लागतात. ती जुलैत करता येत नाहीत, कारण उष्णतेत खडीला हात लावणंच धोक्याचं. शरद ऋतूत पानगळीने रूळ निसरडे होतात, हिवाळ्यात पॉइंट गोठतात. वर्षाची सरासरी पुरेशी दिसत असतानाच एप्रिल-मेमध्ये चार आठवडे माणसं अपुरी पडू शकतात. म्हणून महिनावार तास मागावेत.

याहून सूक्ष्म दोष कामाच्या यादीतच असतो. कपातीचा हिशेब संगणकातल्या यादीवरून होतो. यादीत जे नाही त्याला शून्य तास. १२ ऑगस्ट २०२० ला स्कॉटलंडमध्ये कारमाँट इथे पावसाने वाहून आलेल्या दगडमातीवर गाडी घसरून ३ जण गेले. तिथली उतारावरची निचऱ्याची नाली आराखड्याप्रमाणे बांधलेली नव्हती, आणि तिच्या वरच्या भागाची नियमित तपासणी देखभालीच्या नोंदींत लावलेलीच नव्हती. जुने मुकादम यादीबाहेरच्या अशा अनेक गोष्टी सवयीने बघत असतात: कुठे पाणी साचतं, कुठल्या पुलाशी खडी खचते, कुठला बोल्ट दर महिन्याला सैल होतो. ही कामं कुठेच लिहिलेली नसतात, त्यामुळे "या पदाला पुरेसं काम नाही" असा निष्कर्ष निघू शकतो. यावर उपाय एकच: पदं ठरवण्याआधी प्रत्येक डेपोत बसून न लिहिलेली कामं यादीवर आणायची. संघटनेने हे काम स्वतःहून करावं. निषेधाच्या दहा पत्रकांपेक्षा अशी एक यादी वाटाघाटीत जास्त उपयोगी पडते.

स्वेच्छानिवृत्तीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. कोणाला जबरदस्तीने काढलं नाही, सगळं गोडीत झालं. पण पैसे घेऊन कोण जातं? ज्याची नोकरी पंचवीस-तीस वर्षं झाली आहे तो, कारण त्याला रक्कम चांगली मिळते, आणि ज्याला बाहेर लगेच काम मिळेल तो. म्हणजे अनुभवी आणि हुशार. शिवाय ते सगळ्या डेपोंतून सारखे जात नाहीत. एका डेपोतून कोणीच जात नाही, तर दुसऱ्यातून ओव्हरहेड वायरचे चारही जाणकार एकाच महिन्यात अर्ज देतात. त्यामुळे अर्ज मंजूर करण्याआधी त्या डेपोत त्या कौशल्याची किमान किती माणसं उरतात हे बघण्याची अट करारात असावी. संघटनेलाही ही अट मागायला संकोच वाटतो, कारण त्यात एखाद्या सभासदाचा अर्ज अडतो. तरीही ती मागावी.

आता संघटनेच्या लढ्याकडे येतो. २०१० मध्येही नेटवर्क रेल देखभालीतली सुमारे १,५०० पदं कमी करत होती आणि आरएमटीने ईस्टरनंतर, ६ ते ९ एप्रिलला, संप ठरवला होता. त्याबरोबर सिग्नल कर्मचाऱ्यांचाही संप होता. १ एप्रिलला उच्च न्यायालयाने सिग्नल कर्मचाऱ्यांच्या मतदानातल्या नोंदींच्या चुकांवरून मनाई दिली. ज्या सिग्नल केबिन अस्तित्वातच नव्हत्या त्यांचीही नावं यादीत होती. संप बारगळला, आणि मुद्दा रास्त होता की नाही यावर कोणी बोललंच नाही. ब्रिटनमध्ये संपाचं मतदान कोणाचं, कुठल्या कामाच्या जागेवर, किती जणांचं, याच्या नोंदी अचूक असाव्या लागतात. २०१६ च्या कायद्याने त्यात किमान ५० टक्के मतदानाची अट घातली, आणि महत्त्वाच्या सेवांमध्ये एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांचा पाठिंबाही लागू केला. २०२२ च्या मे महिन्यात आरएमटीच्या मतदानात ७१ टक्के सभासदांनी भाग घेतला आणि त्यातल्या ८९ टक्क्यांनी संपाच्या बाजूने कौल दिला. सभासदांची यादी ताजी ठेवणं हे कंटाळवाणं काम आहे, पण लढा तिथेच जिंकला किंवा हरला जातो.

२१, २३ आणि २५ जून २०२२ ला संप झाले, पुढेही होत राहिले. तिकडे शंभर किंवा जास्त पदं ९० दिवसांच्या आत काढायची असतील, तर पहिल्या माणसाला काढण्याआधी किमान ४५ दिवस संघटनेशी सल्लामसलत करावी लागते; २० ते ९९ पदांना ३० दिवस. ही सल्लामसलत नुसती माहिती देण्याची नसते. काढणं कसं टाळता येईल, संख्या कशी कमी करता येईल, परिणाम कसे सौम्य करता येतील, यावर एकमत करण्याच्या इराद्याने बोलावं लागतं. वर सांगितलेले सगळे प्रश्न, म्हणजे डेपोवार तास, पॉइंटची फोड, महिनावार गरज, मागायची जागा हीच. डिसेंबर २०२२ मध्ये सभासदांनी कंपनीचा प्रस्ताव फेटाळला. २० मार्च २०२३ ला सुधारलेला प्रस्ताव ७६ टक्क्यांनी स्वीकारला. मतदान सुमारे ९० टक्के झालं होतं. त्यात पगारवाढ होती आणि जानेवारी २०२५ पर्यंत कोणालाही सक्तीने काढणार नाही अशी हमी होती.

माझ्या मते संघटनेने इथे माणसं वाचवली, पदं वाचवली नाहीत. बदल पुढे गेले, फक्त कोणाला घरी बसवलं गेलं नाही. कामगाराच्या घराच्या दृष्टीने हे मोठं यश आहे आणि त्याला कमी लेखू नये. पण सुरक्षेचा जो युक्तिवाद संघटनेने केला होता, त्याचं उत्तर सक्तीने न काढण्याच्या हमीत मिळत नाही. स्वखुशीने सोडून गेलेल्या माणसाचं कामसुद्धा मागे राहतंच. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: सुरक्षेचा मुद्दा खरा होता, आणि वाटाघाटीच्या टेबलावर पगार व नोकरी हे मुद्दे त्याच्या पुढे गेले. कुठल्याही संघटनेत हे होतं, कारण सभासद मतदान पगारावर करतो, वंगणाच्या मुदतीवर करत नाही.

कंत्राटी कंपनीची गोष्ट थोडी वेगळी. तिथे काम कमी झालं म्हणून माणसं जात नाहीत, मागणी थांबली म्हणून जातात. जार्व्हिसने २००९ मध्ये शेकडो पदं कमी केली, कारण नेटवर्क रेलने रूळ बदलण्याची कामं पुढे ढकलली होती. मार्च २०१० मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. जुने रूळ होते तसेच झिजत राहिले. अशा वेळी संघटनेने कंत्राटदाराशी भांडून फारसं हाती लागत नाही. काम पुढे कोण ढकलतंय त्या मूळ मालकाला गाठावं लागतं, आणि काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे जाणार असेल तर माणसंही त्याच्यासोबत जावीत ही मागणी पहिल्या दिवसापासून लावावी लागते.

कपातीचं नुकसान दिसायला किती वेळ लागतो हे जागेवर अवलंबून आहे. नव्या रुळांवर, कमी गाड्यांच्या मार्गावर दोन-तीन वर्षंही काही दिसणार नाही. जुन्या पॉइंटच्या गजबजलेल्या यार्डात सहा महिन्यांत दिसेल. अपघातांची संख्या बघून काही कळत नाही, कारण अपघात विरळ असतात. त्याआधी हलणारे आकडे बघावेत: मुदत टळलेल्या तपासण्या किती आणि त्यांना मुदतवाढ कोणी दिली, एकाच ठिकाणी तीन महिन्यांत पुन्हा आलेले बिघाड, तात्पुरत्या वेगमर्यादा किती आणि किती आठवडे जुन्या, ठरवून केलेल्या कामाचे तास आणि बिघाडामागे धावण्याचे तास यांचं प्रमाण. हे शेवटचं प्रमाण सर्वांत आधी बिघडतं. माणसं बिघाडामागे धावू लागली की ठरलेलं काम राहतं, त्यातून नवे बिघाड येतात आणि धावपळ आणखी वाढते. १७ ऑक्टोबर २००० ला इंग्लंडमधल्या हॅटफिल्डला गाडी घसरून ४ जण गेले तेव्हा रुळाची दुरवस्था माहीत होती, बदलायचे रूळ महिनोन्महिने शेजारीच येऊन पडले होते, आणि वेगमर्यादा मात्र लावलेली नव्हती. दोष माहीत असणं आणि तो काढणं यांच्यामधलं अंतर भरायला माणूस आणि ब्लॉक दोन्ही लागतात. सेन्सर पहिली गोष्ट लवकर करतो, दुसरी करत नाही. उलट नवे सेन्सर बसले की पहिल्या वर्षात दोषांची नोंद वाढते, म्हणजे दुरुस्तीचं काम वाढतं. त्याच वर्षी माणसं कमी केली तर यादी फुगते आणि ते सेन्सरच्याच माथी मारलं जातं.

शेवटी आपल्याकडे रेल्वेच्या किंवा मेट्रोच्या कामावर असलेल्या खाजगी कंत्राटदाराचे कामगार हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शेवटी आलेला आधी जातो हा सर्वसाधारण नियम आहे; तो मोडला तर कारण लेखी नोंदवावं लागतं. ३०० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते असं अनेकांना वाटतं, पण ती तरतूद कारखाना, खाण आणि मळा यांनाच आहे. डबे दुरुस्त करणारं वर्कशॉप कारखान्यात मोडतं, उघड्या मार्गावर काम करणारी गँग मोडत नाही. एकाच कंपनीची दोन्ही कामं असतील तर कोणाची नोंद कुठे आहे हे आधी तपासा. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते आणि समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नाही. रेल्वेसाठी योग्य शासन केंद्र सरकार आहे, त्यामुळे तक्रार राज्याच्या कामगार आयुक्तांकडे देऊन महिना घालवू नका. केंद्रीय कामगार आयुक्तांच्या विभागीय कार्यालयात द्या. सोबत हजेरीपत्रक, गेटपास, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचा उतारा आणि तुमच्या गँगने गेल्या वर्षभरात घेतलेल्या ब्लॉकची यादी जोडा. ही ब्लॉकची यादी कंत्राटदाराकडून मिळाली नाही, तर विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागता येते.